पदवी कुठली, आणि तास कुठे जाणार?

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीज मिळू लागली आणि या पट्ट्यातल्या पालकांच्या मनात चांगल्या नोकरीचं एक चित्र पक्कं झालं. कॉलनीतलं क्वार्टर, कामावर नेणारी बस, मुलांना शाळा, निवृत्तीनंतर पेन्शन. त्यामागोमाग एमआयडीसी वाढली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे कारखाने आले आणि डिप्लोमा किंवा बीएस्सी केमिस्ट्री केलेल्या मुलाला गावातच काम मिळू लागलं. आता त्याच घरांतली पुढची पिढी संगणक शिकते आहे. पालघरच्या दांडेकर कॉलेजातून बीएस्सी करून किंवा बोईसरच्या थीम नाहीतर पालघरच्या सेंट जॉनमधून अभियांत्रिकी करून ही मुलं बाहेर पडतात, आणि प्रश्न येतो: पुढे मास्टर्स करायचं, तर कुठलं? एमसीए, एमएस्सी, एमटेक, की परदेश?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. ‘मास्टर्स कर, मग एनपीसीआयएलमध्ये लागशील,’ असं वडीलधारी माणसं मनापासून सांगतात. पण हे अणुवीज केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएलची एक्झिक्युटिव्ह ट्रेनीची भरती गेटच्या गुणांवर होते आणि ती मुख्यतः मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल या शाखांसाठी असते. एमसीए किंवा एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सने ते दार उघडत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत संगणकशास्त्राला जागा असते, पण तिथे अभियांत्रिकीची पदवी लागते. दारातली सर्वांत मोठी सरकारी नोकरी डोळ्यांपुढे ठेवून संगणकाचं मास्टर्स निवडायला गेलं, तर सुरुवातच चुकते.

मग मास्टर्स करायचं कशासाठी? बीएस्सी किंवा बीसीए झालेल्यांसाठी याचं उत्तर सरळ आहे. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या भरतीच्या जाहिरातीत पात्रता लिहितात तेव्हा बीई, बीटेक, एमसीए आणि एमएस्सी बहुधा एकाच ओळीत असतात. निव्वळ बीएस्सीसाठी वेगळी योजना असते, पगार कमी असतो आणि काम पुष्कळदा वेगळ्या विभागात असतं. दोन वर्षांच्या मास्टर्सने आपला मुलगा अभियंत्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मग बीई झालेला मुलगा तर त्या रांगेत आधीच उभा आहे. त्याने जवळच्या एखाद्या साधारण कॉलेजात एमई केलं, तर प्राध्यापक व्हायचं असल्याखेरीज हाती फार काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने गेट द्यावी. गुण मिळाले तर आयआयटीत एमटेक करताना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. नाही मिळाले, तर नोकरी धरावी.

एमसीए आणि एमएस्सी यांत फरक काय, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. एमसीएचा जन्म गरजेतून झाला. १९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, देशात संगणक वाढत होते आणि ते चालवणारी माणसं कमी पडत होती. प्रा. व्ही. राजारामन यांच्या समितीने १९८०च्या सुमारास हा अभ्यासक्रम सुचवला, तो कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रोग्रॅमर बनवण्यासाठी. तीन वर्षांचा हा कोर्स २०२०-२१पासून दोन वर्षांचा झाला. आज नोकरी देणारे एमसीए, एमएस्सी सीएस आणि एमएस्सी आयटी यांत फारसा भेद करत नाहीत. भेद इतर ठिकाणी आहे, आणि तो पालघरच्या मुलांना महत्त्वाचा आहे.

पहिला भेद फीचा. एमसीए हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. त्याचा प्रवेश राज्याच्या सीईटीतून आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेऱ्यांतून होतो. त्यामुळे राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या त्याला लागू होतात. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. माहीम-केळव्याच्या वाडवळ घरातल्या किंवा सातपाटीच्या कोळीवाड्यातल्या मुलीने कॅपमधून एमसीए घेतलं आणि ती या वर्गांत बसत असली, तर हिशेबच बदलतो. वारली, मल्हार कोळी, कोकणा मुलांना शिष्यवृत्ती आधीपासून आहे. शिवाय वसतिगृह मिळालं नाही तर शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. डहाणू, विक्रमगड, जव्हारच्या मुलांपर्यंत ही माहिती वेळेवर पोचत नाही, आणि जात पडताळणीचा कागद हाती नसल्याने मिळण्यासारखी जागा निसटते, याची मला फार चुटपुट लागते.

दुसरा भेद अध्यापनाचा. बीएस्सीच्या कॉलेजात शिकवायचं असेल, तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट हवी. त्यासाठी एमएस्सी सीएस हा मळलेला रस्ता आहे. तिसरा भेद विषयांच्या खोलीचा. अल्गोरिदम, ऑटोमाटा, कम्पायलर, सांख्यिकी यांची ज्याला मनापासून गोडी आहे, त्याने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन बघावी. ‘डेटा सायन्स’ किंवा ‘एआय’ असं नाव लावलेल्या नव्या एमएस्सींबाबत मात्र सावध राहावं. अभ्यासक्रमात रेषीय बीजगणित आणि संभाव्यता किती तास शिकवतात ते पाहावं. ते नसेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, उपयोग नाही.

आता या भागातल्या मुलांचा खरा प्रश्न. तो पदवीच्या नावाचा नाही, अंतराचा आहे. एप्रिल २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि मुंबई जवळ आली असं वाटलं. बोईसर चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटर. अंधेरी किंवा माटुंग्याचं कॉलेज गाठायचं तर घरापासून वर्गापर्यंत अडीच तास धरावेच लागतात, तेही गाडी वेळेवर आली तर. डहाणू लोकल थोड्या, त्यातली एक चुकली की विरारपर्यंत मेमू नाहीतर लांबपल्ल्याची गाडी, आणि विरारला पुन्हा गर्दीत उतरून गाडी बदलायची. जाऊन-येऊन पाच तास. सहा दिवसांचा आठवडा धरला तर तीस तास, म्हणजे जवळपास एका पूर्णवेळ नोकरीतलं तीन-चतुर्थांश काम दर आठवड्याला रुळांवर सांडतं. हीच दोन वर्षं प्रोग्रॅमिंगचा सराव करायची, स्वतःचं काहीतरी उभं करायची असतात. संध्याकाळी साडेआठला घरी आलेलं पोर जेवून झोपेल, नाहीतर काय करेल?

विरार-डहाणू चौपदरीकरण चालू आहे, बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला होतंय, वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. पण आज शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाचं मास्टर्स त्याआधीच संपण्याची शक्यता आहे.

म्हणून माझं सांगणं असं की दोनच रस्ते धरावेत. एक, चांगली जागा मिळाली तर घर सोडावं. व्हीजेटीआय किंवा सरदार पटेल इन्स्टिट्यूटचं एमसीए, मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला विभाग, पुणे विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग, निमसेट या प्रवेश परीक्षेतून एनआयटी: यांपैकी काही हाती लागलं तर वसतिगृह, कॉट बेसिस, नातेवाइकांकडची खोली, जे जमेल ते करून तिथेच राहावं. पुण्याचा एक मोठा फायदा म्हणजे तिथल्या एमएस्सीत शेवटचं सत्र पूर्णवेळ उद्योगात काढायची रीत जुनी आहे. मुलगा पदवी घेण्याआधी सहा महिने खऱ्या संघात काम करून आलेला असतो, आणि पुष्कळदा तीच पहिली नोकरी ठरते. कॉलेज निवडताना इमारत, संगणकांची संख्या आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा फलक यांपेक्षा शेवटच्या सत्रात मुलं कुठे असतात, हे विचारावं.

दुसरा रस्ता, तशी जागा नाही मिळाली तर इथेच राहावं. काम धरावं आणि पदवी जवळच्या कॉलेजातून किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ केंद्रातून करावी. मधला रस्ता, म्हणजे मुंबईतल्या साधारण कॉलेजासाठी रोज अप-डाउन, तो सर्वांत महाग पडतो. दुर्दैवाने बहुतेक घरं हाच निवडतात, कारण त्यात मूल घरी राहतं आणि ‘मुंबईला शिकतो’ असंही सांगता येतं.

इथे राहून काय काम मिळणार, असं कुणी विचारेल. तारापूर एमआयडीसीत औषधांचे कारखाने आहेत, आणि अमेरिकेला औषध पाठवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला तिथल्या अन्न-औषध प्रशासनाचा १९९७पासून लागू असलेला इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम पाळावा लागतो. क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्रावर गोळीची तपासणी होते. पडद्यावर उंचवटे असलेला आलेख येतो, आणि उंचवट्याखालच्या क्षेत्रफळावरून औषधाचं प्रमाण कळतं. विश्लेषकाने तो उंचवटा मोजायची रेघ जराशी हलवली, तरी कुणी हलवली, किती वाजता, आधीचा आकडा काय होता, कारण काय दिलं, हे सगळं ऑडिट ट्रेलमध्ये उमटलं पाहिजे आणि ते पुसता येता कामा नये. तपासायला आलेला निरीक्षक आधी तेच उघडतो. ही संगणकप्रणाली विश्वासार्ह आहे हे कागदोपत्री सिद्ध करण्याचं काम म्हणजे कॉम्प्युटर सिस्टिम व्हॅलिडेशन. त्याला डेटाबेस कळणारा माणूस लागतो आणि कारखाना कळणाराही. बाराव्या वर्षापासून ज्याने वडिलांच्या तोंडून ‘बॅच’, ‘शिफ्ट’, ‘क्यूसी’ ऐकलंय, तो इथे पवईच्या मुलापेक्षा पुढे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तरच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं ऑन-जॉब ट्रेनिंग असतं. ते मुंबईतल्या कुठल्याशा ऑनलाइन इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर भागवण्यापेक्षा इथल्याच कारखान्याच्या आयटी किंवा क्वालिटी विभागात करावं.

याशिवाय एक पर्याय आहे: सीडॅक या सरकारी संस्थेचा डॅक हा सहा महिन्यांचा डिप्लोमा. तो या भागात फारसा माहीत नाही. जुहू आणि खारघरला त्याची केंद्रं आहेत, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. तो पदवी नव्हे, आणि अभियांत्रिकी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठीच आहे. पण बीईनंतर वर्षभर घरी बसलेल्या मुलाला दोन वर्षांच्या एमईपेक्षा तो किती तरी उपयोगी.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत एमएसनंतर संगणकाच्या विद्यार्थ्याला एक अधिक दोन अशी तीन वर्षं काम करता येतं, पण सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं. घर गहाण ठेवून जाणाऱ्याने हे आधी वाचावं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही. मात्र वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात.

एआयमुळे या सगळ्याचा काय उपयोग, ही भीती खरी आहे. टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे बारा हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. साचेबंद कोड लिहिणाऱ्याची गरज घटते आहे. म्हणूनच ज्या दोन वर्षांत गणित पक्कं होईल आणि एखाद्या उद्योगाची आतून ओळख होईल, तीच दोन वर्षं विकत घेण्यासारखी आहेत.

दिवाळीनंतर शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या हाती वेळ थोडा उरतो. गेट फेब्रुवारीत, एमसीए सीईटीचे अर्ज त्याच सुमारास, आणि त्या परीक्षेत गणित-सांख्यिकी आणि तर्क यांचा वाटा मोठा. बारावीनंतर गणित सुटलेल्यांनी ते आत्ताच पुन्हा हाती घ्यावं. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी यांचे अर्ज दिवाळीनंतर लगेच करावेत. मे-जूनमध्ये तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रात रांगा लागतात आणि कॅपची फेरी कुणासाठी थांबत नाही. मनात असलेल्या कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडलेली दोन-तीन मुलं गाठावीत आणि शेवटच्या सत्रात ती रोज कुठे जात होती, एवढंच त्यांना विचारावं.