ढगांतील दप्तर आणि अडलेला मेळ

उल्हास नदीच्या कांठीं राहणाऱ्यांना जुलै महिन्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं आणि पुन्हां २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूरकरांनीं पूर पाहिला. दुसऱ्या प्रसंगीं तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून सुमारें एक हजार उतारूंची सुटका करावी लागली. पुरांत भांडींकुंडीं भिजलीं तर धुऊन घेतां येतात. परंतु घराचें खरेदीखत, लग्नांतील छायाचित्रें, किंवा फाळणीनंतर उल्हासनगरांत आलेल्या सिंधी कुटुंबानें जपलेलीं आजोबांचीं कागदपत्रें हीं एकदां लगदा झालीं कीं गेलींच. अंबरनाथच्या शिवालयांतील लेखानें शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० ही मिति आपल्यापर्यंत पोंचविली खरी. पण ती पाषाणावर कोरलेली होती!

म्हणून आज अनेक सुज्ञ घरांत कागदांच्या प्रतिमा करून त्या ‘क्लाउड’मध्यें ठेवतात. नांव ढगाचें असलें तरी हें कोठार जमिनीवरच, दूरच्या संगणकांत असतें. आपल्या संगणकावरील फोल्डर आणि तें कोठार यांचा मेळ घालीत राहणें याला ‘सिंक’ म्हणतात. व्यापारी जसा रोजमेळ लिहितो, तसाच हा अदृश्य कारकून दोन्हीकडील नोंदी ताडून पाहतो व जेथें फरक असेल तेथें प्रत पाठवितो किंवा आणतो.

आतां अडचण अशी कीं, कित्येकदां हा कारकून थकतो. खुणेचें चक्र दिवसभर फिरत राहतें आणि मेळ कांहीं पुरा होत नाहीं. आपण समजतों, जागा संपली असेल, आणि अधिक जागा विकत घेतों. पण जागा हें कारण नसेल, तर दुखणें वजनांत नसून बहुधा संख्येंत असतें.

एक हिशेब करून पाहूं. एक गिगाबाइटचा एकच चित्रपट सेकंदाला दहा मेगाबिट वेगानें सुमारें साडेतेरा मिनिटांत पोंचेल. तेंच एक गिगाबाइट दहा-दहा किलोबाइटच्या एक लाख फायलींत वाटलें, आणि प्रत्येक फाईलीची विचारपूस व पोंच यांत केवळ अर्धा सेकंद गेला असें धरलें, तर एकामागून एक पाठवितांना चौदा तास लागतील. कारकून कांहीं फायली एकदम पाठवितो, त्यामुळें वेळ थोडा वांचतो. पण विचारपूस कांहीं सुटत नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हनें तर तीन लाखांहून अधिक फायलींचा मेळ घालूं नये अशी शिफारसच केली आहे.

उपाय काय? पहिली गोष्ट, कांहींहि हलविण्यापूर्वीं सर्व फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती उंच जागीं ठेवावी. हें सांगण्याचें कारण मोठें आहे. मेळ म्हणजे राखीव प्रत नव्हे. आपण येथें फाईल पुसली कीं कारकून ती तेथेंहि इमानेंइतबारें पुसतो. फाईल फोल्डरबाहेर नेली तरी कोठाराच्या दृष्टीनें ती पुसलेलीच होय. गर्दी कमी करावयास जाऊन एकमेव खरेदीखत गमावण्याची पाळी अशीच येते.

दुसरें, शिल्लक फायलींचा आंकडा पाहावा. तो हळूहळू कां होईना, उतरत असेल तर संगणक रात्रभर चालू ठेवून धीर धरावा. तो तासन् तास एकाच ठिकाणीं अडला असेल, तर एखाद्या फाईलीनें वाट अडविली आहे काय तें शोधावें. नांवांत प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब किंवा तारका असल्यास कांहीं सेवा ती फाईल स्वीकारीत नाहींत. आणि फोल्डरांत फोल्डर असें करीत मार्ग फार लांबला तरी तेंच होतें.

तिसरें, मेळ थोडा वेळ थांबवून नको असलेली गर्दी निवडून काढावी. संगणकाच्या निरनिराळ्या प्रणालींनीं आपल्या सोयीसाठीं निर्माण केलेल्या हजारों तात्पुरत्या फायली आपल्या दप्तरांत कशाला? ज्या वर्षांचे हिशेब पुरे झाले, त्या एकेका वर्षाच्या फायली एका झिप गठ्ठ्यांत बांधाव्या. मात्र चालू वर्षाचा गठ्ठा बांधूं नये. त्यांतील एक पावती बदलली तरी बहुधा सारा गठ्ठा पुन्हां पाठवावा लागतो. नंतर उरलेलें सामान एकदम न टाकतां, हप्त्याहप्त्यानें फोल्डरमध्यें आणावें.

चौथा उपाय निवडक मेळाचा. सर्व फोल्डर प्रत्येक संगणकावर उतरविण्याची गरज नसते. कांहीं ठिकाणीं फाईलीचें केवळ नांव दिसतें व उघडतांना ती दुरून येते. सोय उत्तम आहे. परंतु पुराच्या दिवशीं वीज व जाळें दोन्ही जातात, तेव्हां नांव दिसून उपयोग नाहीं. निकडीचीं कागदपत्रें पूर्णपणें उतरवूनच ठेवावीं.

शेवटीं, हिरवी खूण दिसली म्हणून निश्चिंत होऊं नये. दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून आपल्या खात्यांत शिरून चार-दोन महत्त्वाचीं कागदपत्रें उघडून वाचावीं. अक्षरें दिसलीं, तरच मेळ बसला असें म्हणावें. पावसाळ्यापूर्वीं आपण कौलें शाकारून घेत होतों. त्याच दिवसांत एक संध्याकाळ या दप्तरासाठीं राखून ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.