पाणी रेशमी करणारी काळी काच: स्वस्तातला एनडी फिल्टर घ्यावा का?

पावसाळा सुरू झाला की आंबोली, गोकाक, दूधसागरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. त्यातल्या काही फोटोंत पाणी शिंतोड्यांसारखं दिसत नाही, एखादा पांढरा रेशमी पदर दगडावरून सोडल्यासारखं दिसतं. अनेकांना वाटतं ही अ‍ॅपची करामत असणार. तसं नाही. कॅमेऱ्याचं शटर नेहमीसारखं १/२०० सेकंद न उघडता अर्धा सेकंद, दोन सेकंद, कधी अर्धा मिनिट उघडं ठेवलेलं असतं. तेवढ्या वेळात दगड जागचे हलत नाहीत, पाणी मात्र हलतं आणि त्याची वाट फोटोत उमटते.

अडचण एवढीच, की दिवसा उजेड फार असतो. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवलं आणि आभाळ भरून आलेलं असलं, तरी झाडीतल्या धबधब्यापाशी कॅमेरा साधारण १/३० सेकंद मागतो. शटर २ सेकंद उघडं ठेवलंत तर फोटो पांढराफटक. म्हणून लेन्सच्या तोंडावर काळसर काच लावतात, जी सगळ्या रंगांचा उजेड सारखाच कमी करते. तोच न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, बोलायला एनडी.

होया, ली, निसी अशा नावाजलेल्या कंपन्यांचा दमदार एनडी घ्यायचा तर नवख्या माणसाच्या छातीत धस्स होतं. ऑनलाइन मात्र त्याच मापाची, त्याच आकड्याची काच कितीतरी पट स्वस्त मिळते. प्रश्न असा, की ती घेऊन पैसे वाया जातात का? उत्तर आकड्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी आकडा समजून घेऊ.

एनडी ८ म्हणजे उजेड आठव्या हिश्शावर, म्हणजेच ३ स्टॉप कमी. एनडी ६४ म्हणजे ६ स्टॉप, एनडी १००० म्हणजे १० स्टॉप. प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट होतो. वरचंच उदाहरण घ्या: १/३० सेकंदाचे एनडी ८ लावून साधारण पाव सेकंद होतात, एनडी ६४ लावून २ सेकंद आणि एनडी १००० लावून सुमारे ३३ सेकंद. आता गंमत अशी, की काही विक्रेते हेच ०.९, १.८, ३.० असं लिहितात. तिथे दर ०.३ ला एक स्टॉप धरायचा. ३.० बघून ‘तीन स्टॉपचा असेल’ असं समजून ऑर्डर केली, तर हातात दहा स्टॉपची, जवळजवळ काळीकुट्ट काच पडते.

धबधब्यासाठी एवढी काळी काच बहुतेक वेळा लागतच नाही. पावसाळ्यात पाणी जोरात असतं, पाव ते एक सेकंदात रेशीम उतरतं आणि धारांचे पोतही शिल्लक राहतात. ३० सेकंद दिलेत तर सगळी पांढरी चादर होते, आत काही दिसत नाही. गोकाकला भर पुरात तर घटप्रभेचं पाणी तांबूस गढूळ असतं. तिथे फार लांब एक्स्पोजर दिलं की ५२ मीटरवरून कोसळणारा धबधबा सांडलेल्या चहासारखा दिसतो. तिथे मला उलट १/८ सेकंदच बरा वाटतो. पाण्याचा राग तरी दिसतो. मोठा एनडी लागतो तो समुद्रासाठी आणि ढगांसाठी. हणजूण, वागातोरच्या खडकांवरून परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर १ ते २ सेकंद पुरे, पण समुद्राचं धुकं करायचं तर ३० सेकंद आणि पुढेच जावं लागतं.

शहरातल्यांसाठीही याचा एक उपयोग आहे. इंदूरच्या राजवाड्यासमोर किंवा हैदराबादच्या चारमिनारपाशी गर्दी नसलेला फोटो मिळणं कठीण. एक्स्पोजर लांब असेल तर चालणारी माणसं फोटोत उमटतच नाहीत. मात्र भर उन्हात एफ/११ ला कॅमेरा साधारण १/२०० सेकंद मागतो, त्यामुळे एनडी १००० लावूनही जेमतेम ५ सेकंद मिळतात आणि माणसांची भुतं शिल्लक राहतात. त्यावर एनडी ८ चढवलात की ४० सेकंद होतात, मग काम होतं. गाडीला टेकून गप्पा मारत उभे असलेले तेवढे जात नाहीत, त्यांना काही इलाज नाही.

स्वस्त काच नेमकी कुठे मार खाते?

पहिली गोष्ट रंग. नावात ‘न्यूट्रल’ असलं तरी स्वस्त फिल्टर बहुधा फोटोला थोडी निळसर, पिवळट किंवा जांभळट झाक देतो. ती सगळीकडे सारखी असेल तर घाबरायचं कारण नाही. फोटो रॉ फॉरमॅटमध्ये काढा, फिल्टर लावूनच एका पांढऱ्या कागदाचा फोटो घ्या आणि नंतर त्यावरून व्हाइट बॅलन्स बसवा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक आहे आणि दुकानदार ती सांगत नाही. साधा काळा रंग दिलेली काच दिसणारा उजेड अडवते, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बऱ्यापैकी सोडून देते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हे किरण अडवायची सोय असते, पण ती शंभर टक्के नसते. एरवी आत शिरणारे हे थोडेसे किरण जाणवत नाहीत. पण दिसणारा उजेड हजारपट कमी केला आणि अवरक्त तेवढेच राहिले, की त्यांचा वाटा एकदम मोठा होतो. मग काळी छत्री तपकिरी-जांभळी दिसते, हिरव्या पानांवर विचित्र तांबूस छटा येते. हे व्हाइट बॅलन्सनं पूर्ण जात नाही, कारण ते सगळीकडे सारखं नसतं. म्हणून माझा सल्ला: एनडी ८ स्वस्तातला खुशाल घ्या, एनडी ६४ पारखून घ्या, एनडी १००० मात्र एकतर चांगला घ्या, नाहीतर त्याचे फोटो कृष्णधवल करायची तयारी ठेवा. कृष्णधवलमध्ये रंगाचा प्रश्नच मिटतो, आणि पावसाळी आभाळ तसंही त्यात जास्त शोभतं.

तिसरा प्रकार ‘व्हेरिएबल’ एनडी, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा. एकाच काचेत सगळं मिळतं म्हणून लोक हाच आधी घेतात. यात आत दोन पोलरायझर असतात, एक दुसऱ्यावर फिरतो. शेवटच्या टोकापर्यंत फिरवलं की फोटोवर काळ्या फुलीसारखा पट्टा उमटतो, आणि लेन्स जितकी वाइड तितका लवकर. स्वस्तातला घ्यायचाच असेल तर त्याचा मधलाच पल्ला आपला समजायचा. व्हिडिओवाल्यांना तो सोयीचा, धबधब्यावर वाइड लेन्स घेऊन उभ्या राहणाऱ्याला नाही.

हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगची काच किरकोळ किमतीत मिळते, तीही रबरबँडनं लेन्सवर लावता येते. उजेड भरपूर कमी होतो, पण फोटो गडद हिरवा येतो आणि तीक्ष्णपणा जातो. शिकायला, प्रयोग करायला मजा आहे. भिंतीवर लावायचा फोटो त्यातून क्वचितच निघेल.

घेतल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत घरीच तपासा. समोरच्या रस्त्यावरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो फिल्टरशिवाय आणि फिल्टरसह घ्या, आणि दोन्ही मोठे करून अक्षरं बघा. मग पांढरी भिंत. समजा फिल्टरशिवाय १/६० बरोबर येतोय, तर एनडी १००० लावून साधारण १६ सेकंदांना तेवढाच उजळ फोटो यायला हवा. गडद आला आणि ३२ सेकंद द्यावे लागले, तर तुमची काच प्रत्यक्षात ११ स्टॉपची आहे. टाकून देण्याची गरज नाही, डबीवर पेननं तसं लिहून ठेवा म्हणजे झालं. भिंतीच्या कडा मधल्या भागापेक्षा वेगळ्या रंगाच्या दिसल्या तर मात्र परतच करा.

मापाचाही विचार आधीच करा. लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलाला रेघ मारलेलं चिन्ह आणि पुढे ५५, ५८, ६७ असा आकडा असतो, तो फिल्टरचा व्यास. प्रत्येक लेन्ससाठी वेगळी काच घेण्यापेक्षा तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या मापाची एकच घ्या आणि छोट्या लेन्सना स्टेप-अप रिंग लावा. त्या अगदी स्वस्त असतात.

वापरताना क्रम पाळला तर निम्मा त्रास वाचतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम ठरवली, फोकस केला, मग लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकली आणि त्यानंतरच फिल्टर फिरवून बसवला. दहा स्टॉपच्या काचेतून ऑटोफोकस चाचपडत बसतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. डीएसएलआर असेल तर मागची डोळ्याची खिडकी रुमालानं झाका, लांब एक्स्पोजरमध्ये तिथून आत शिरलेला उजेड फोटोवर पट्टे पाडतो. ३० सेकंदांपुढे बल्ब मोड. आणि तुषार! मऊ मायक्रोफायबर कापड दोन-तीन ठेवा, एक ओलं होणारच. ओला फिल्टर तसाच डबीत टाकलात तर कोकण-घाटातल्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

ज्यांना एवढ्यात पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक, सर्क्युलर पोलरायझर. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, आणि त्याशिवाय ओल्या दगडांवरची, पानांवरची चकाकी काढून हिरवा रंग खुलवतो, जे कुठलाही एनडी करत नाही. ढगाळ दिवशी एफ/१६ आणि पोलरायझर एवढ्यावरच १/५ सेकंदाच्या आसपास मिळतं. खरं सांगायचं तर पावसाळी धबधब्यासाठी पहिली खरेदी हीच असावी. दुसरी वाट फुकटची: ट्रायपॉडवरून १/८ सेकंदाचे १६ फोटो पाठोपाठ काढा आणि संगणकावर त्यांची सरासरी करा, परिणाम २ सेकंदांच्या जवळ जातो. गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो एकावर एक ठेवून खालून वर अपारदर्शकता १००, ५०, ३३, २५ टक्के अशी उतरवत न्यायची. आयफोनमध्ये लाइव्ह फोटोला लाँग एक्स्पोजरचा पर्याय आहेच.

एक धोका काचेपेक्षा मोठा आहे. लांब एक्स्पोजर घेणारा माणूस पात्रातल्या दगडावर ट्रायपॉड रोवून, पाठ प्रवाहाकडे करून, नजर स्क्रीनवर ठेवून उभा असतो. गोकाकचं पाणी वरच्या हिडकल धरणातून किती सोडलंय त्यावर वाढतं, तिथे पाऊस नसला तरी. खानापूरच्या जंगलातल्या ओढ्यांना तर वर कुठे सर पडली हे खाली कळतही नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली की कॅमेरा असेल तिथे सोडून आधी काठावर या. जंगलातल्या अनेक धबधब्यांवर पावसाळ्यात वनखात्याची बंदी असते, ती निघण्याआधी विचारून घ्या. दूधसागरला रुळांवरून चालत जायला मनाई आहे. आंबोलीचा मुख्य धबधबा रस्त्यालगतच आहे, तिथे अडचण पाण्याची नाही, शनिवार-रविवारच्या गर्दीची. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जा.

आणि घरात मुलं असतील तर त्यांना बजावून ठेवा: एनडी १००० काळी दिसते म्हणून त्यातून सूर्य किंवा ग्रहण बघायचं नाही. सूर्य बघायच्या फिल्टरमधून उजेड साधारण लाखात एक हिस्सा येतो, यातून हजारात एक, आणि अवरक्त किरण तर वर सांगितल्याप्रमाणे बरेचसे आरपार.