‘दुर्मिळ’ इंजिनाची खरेदी

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा आम्ही तूर-हरभऱ्याच्या तेजीमंदीविषयी चार शब्द लिहू अशी त्यांची अपेक्षा असावी. चाळीस वर्षे रविवार पेठेत धान्याची घाऊक उलाढाल करणाऱ्याने दुसरे काय लिहावे? परंतु गेले वर्षभर आमचे मन एका निराळ्याच बाजारात गुंतले होते. त्या बाजारात पोती नाहीत, तराजू नाही, हमाल नाहीत आणि मालास हातही लावता येत नाही. संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या लिलावांचा तो बाजार होय. त्यात आम्ही खेळण्यातील आगगाडीचे एक इंजिन विकत घेतले आणि फसलो. वाचक हसतील. हसावे, आमची हरकत नाही. पण हकीकत पुरी ऐकून मग हसावे.

आमचे वडील आप्पा १९६८ साली मुंबईस गेले असता चोरबाजारातून हॉर्नबीचे किल्लीचे इंजिन घेऊन आले. तांबड्या रंगाचे, चार चाकांचे, त्यामागे दोन डबे आणि वर्तुळाकार रूळ. त्या काळी मिरज-लोंडा मार्ग मीटरगेज होता आणि बेळगाव स्टेशनात कोळशाची इंजिने धापा टाकीत येत. आमचे धाकटे बंधू स्टेशनावरून परत आले की माजघरात रूळ मांडून तीच गाडी पुन्हा आणीत. त्यांच्या इंजिनास कधी उशीर होत नसे. पुढे घराची वाटणी झाली. वाटणीत भांडी, दागिने, वखार यांची मोजदाद होते; खेळण्यांची कोण करतो? माळा रिकामा करताना ती पेटी आम्ही भंगारवाल्यास देऊन टाकली. वजनावर दिली. बंधूंनी त्या वेळी एक शब्द काढला नाही. मात्र पुढे सात वर्षे ते आमच्या उंबऱ्यावर आले नाहीत. त्याचे कारण वखारीची भिंत असे आम्ही सर्वांस सांगत असू, आणि स्वतःसही.

गेल्या वर्षी बंधूंची साठी होती. येणेजाणे सुरू होऊन बराच काळ लोटला होता. तरी ती पेटी आमच्या मनातून गेली नव्हती. तसलेच इंजिन मिळवून त्यांच्या हाती ठेवावे असे आम्ही ठरविले आणि नातवास शेजारी बसवून शोधास लागलो.

या गाड्यांचा थोडा इतिहास सांगणे येथे आवश्यक आहे. फ्रँक हॉर्नबी हे लिव्हरपूलचे गृहस्थ. सुट्या पट्ट्या व नटबोल्ट जोडून यंत्रे बनविण्याच्या खेळण्याचे पेटंट त्यांनी १९०१ साली घेतले. तोच पुढे ‘मेकॅनो’ झाला. १९२० साली त्यांच्या कारखान्यातून पहिली हॉर्नबी आगगाडी बाहेर पडली. १९३८ साली निम्म्या आकाराची ‘हॉर्नबी डब्लो’ आली. १९६४ साली लाइन्स ब्रदर्स या कंपनीने तो धंदा घेतला आणि लिव्हरपूलचा बिन्स रोडवरील जुना कारखाना १९७९ साली कायमचा बंद पडला. आता हा माल जमविणारे हौशी लोक जगभर आहेत, आणि जेथे हौस तेथे दलाल हा न्याय सर्वत्र सारखाच. हे वेड केवळ साहेबांचे आहे असेही कोणी समजू नये. पुण्यास कोथरूडात जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे; मुलाबाळांस घेऊन एकदा अवश्य जावे.

लिलावस्थळ उघडताच पहिला शब्द दिसला तो ‘दुर्मिळ’. दुसऱ्या मालावर ‘अति दुर्मिळ’. तिसऱ्यावर ‘संग्रहालयाच्या तोडीचे’. नातवाने ‘दुर्मिळ’ या एकाच शब्दाने शोध घेतला तेव्हा यादी संपेना. जे पाने भरभरून मिळते ते दुर्मिळ कसे, हा प्रश्न त्या बारा वर्षांच्या मुलास पडला. आम्हांस पडावयास हवा होता, तो पडला नाही. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ नावाच्या प्रसिद्ध इंजिनाची खेळणी कित्येक दशके निघत आली आहेत. तीही ‘दुर्मिळ’. काही नव्या खोक्यांत ‘मर्यादित आवृत्ती’ असा क्रमांकित दाखला असतो. परंतु ती मर्यादा हजारांच्या घरात असली तर तिला मर्यादा म्हणावे काय?

शब्दांच्या आणखी तऱ्हा आहेत. ‘तपासलेले नाही’ असे कोणी लिहितो. म्हणे, चालवून पाहण्यास आपल्यापाशी विजेचे नियंत्रक यंत्र नाही. इंजिनाखाली दोन तारा धरून पाहण्यास कितीसा खर्च येतो? आमच्या अनुभवाने त्याचा अर्थ पुष्कळदा ‘तपासले, चालले नाही’ असा होतो. दुसरी तऱ्हा मापांची. इंग्लंडातील ‘ओओ’ गाड्या खऱ्या गाडीच्या सुमारे १/७६ आकाराच्या, तर युरोप-अमेरिकेतील ‘एचओ’ गाड्या १/८७ आकाराच्या. रूळ मात्र दोहोंचे १६.५ मिलीमीटर रुंदीचेच. त्यामुळे विक्रेते ‘ओओ/एचओ’ असे एकत्र लिहून मोकळे होतात, आणि घेणाऱ्याच्या घरी उंच इंजिनामागे ठेंगणे डबे उभे राहतात. तिसरी तऱ्हा ‘डीसीसी रेडी’ ही. या पद्धतीत एकाच रुळावरील प्रत्येक इंजिनास स्वतंत्र हुकूम देता येतो, आणि तो हुकूम समजून घेण्यास इंजिनात एक लहानसा इलेक्ट्रॉनिक भाग लागतो. ‘रेडी’ म्हणजे तो भाग बसविण्याची केवळ जागा आहे. भाग निराळा घ्यावयाचा. नवखा मनुष्य सर्व काही आत आहे असे समजून पैसे मोजतो.

भावाविषयीही सांगितले पाहिजे. पडद्यावर दिसणारा आकडा हा पुष्कळदा विक्रेत्याने मागितलेला भाव असतो, झालेला नव्हे. महिनोन्महिने तो माल तसाच पडून असतो आणि दुसरे विक्रेते त्याच आकड्याकडे बोट दाखवून आपला भाव चढवितात. खरा भाव पाहावयाचा तर पार पडलेल्या विक्रीची यादी उघडावी लागते. ती सोय तेथे आहे, पण आम्ही ती पाहिली नाही. बाजारात बोललेला भाव आणि पावतीवरचा भाव यांतले अंतर ज्याला पाठ आहे त्याने हे विसरावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

बोलीची रीत अशी: आपण आपला कमाल आकडा यंत्रास सांगून ठेवावा, यंत्र दुसऱ्याच्या बोलीपेक्षा थोडेसेच वर चढत जाते. कित्येक जण शेवटच्या काही सेकंदांत बोली घालून वक्कल उचलतात. यात गैर काही नाही. गैर आहे ते विक्रेत्याने दुसऱ्या नावाने आपल्याच मालावर बोली चढविणे. २०१० साली इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या न्यायालयाने अशा एका विक्रेत्यास ५,००० पौंड दंड केला. आमच्या यार्डात मालकाच्या माणसाने बोली चढविली तर निदान त्याचा चेहरा दिसतो.

या व्यापाराचा आरंभ मात्र खोट्या वर्णनाने झालेला नाही. अमेरिकेत पियर ओमिड्यार यांनी १९९५ साली पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्ध झालेले लिलावस्थळ सुरू केले. त्यावर प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. तो मोडका आहे हे समजले आहे ना, असे ओमिड्यार यांनी घेणाऱ्यास विचारून घेतले. तेव्हा, आपण मोडकेच जमवितो, असे त्याने कळविले. आपल्या देशात या कंपनीने २००४ साली ‘बाझी’ हे स्थळ विकत घेऊन जम बसविण्याचा यत्न केला. २०१८ साली तिचे भारतीय स्थळ बंद झाले.

असो. आम्हांस हवे तसे तांबडे इंजिन एका परदेशी लिलावात दिसले. स्थळाचे नाव येथे देत नाही. दोष विकणाऱ्याचा आणि काही आमचा. वर्णन असे: महायुद्धापूर्वीचे, अति दुर्मिळ, मूळ रंग, मूळ खोका, उत्तम चालते. छायाचित्रे तीन आणि तिन्ही डाव्या बाजूची. पोत्याचे फक्त तोंड दाखविणाऱ्या अडत्यास आम्ही कधी पैसे दिले नसते. पोत्याच्या पोटात नळी खुपसून दाणे तळहातावर घ्यावेत, दाताखाली फोडून ओल पाहावी, मग भाव बोलावा, हे आप्पांनी आम्हांस मिसरूड फुटण्यापूर्वी शिकविले. पण त्या रात्री आमच्यासमोर इंजिन नव्हतेच. माजघरात गुडघ्यांवर बसलेला आठ वर्षांचा भाऊ होता. आम्ही १८५ पौंडांपर्यंत चढलो.

माल लेस्टरला राहणाऱ्या आमच्या भाच्याकडे पोचला. तो म्हणाला, “मामा, उघडून पाहू का?” आम्ही म्हटले, नको, बंदच आण. दिवाळीस तो आला तोवर तक्रारीची तीस दिवसांची मुदत उलटून गेली होती.

साठीच्या दिवशी सर्वांसमक्ष खोका बंधूंच्या हाती दिला. त्यांनी तो उघडला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग इंजिन उलटे केले, खिडकीपाशी नेले, किल्ली फिरविली. किल्ली फिरतच राहिली. बंधू वीज मंडळातून निवृत्त झालेले, हाताचे कसबी. आणि हे खेळण्याचे शास्त्र त्यांनी आम्हांस न कळविता कैक वर्षे वाचून काढले होते, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम समजले.

“अण्णा, कितीला घेतलं?” त्यांनी हळूच विचारले.

आम्ही आकडा सांगितला. पंगतीत बसलेल्या व्याह्यांनी भुवया उंचावल्या.

बंधूंनी मग एकेक गोष्ट दाखविली. खोका संगणकावर छापलेला नकली. कडा पांढऱ्या, पुठ्ठा आजचा. उजव्या बाजूस जुन्या रंगावर कोणी ब्रशाने तांबडा रंग ओढलेला. आतील स्प्रिंग तुटलेली. “आणि युद्धापूर्वीचं नव्हे हे. एकशेएक नंबरचं, युद्धानंतरचं. एक परी ते बरंच झालं,” ते म्हणाले. कारण युद्धापूर्वीच्या हॉर्नबी मालात जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असत. त्या धातूत शिशासारखी अशुद्धी राहिली की कालांतराने आतून तडे जातात, चाक फुगते आणि बोटांनी चुरा होतो. किडलेल्या हरभऱ्यासारखे: वरून दाणा अखंड, दाबला की पीठ. त्याला औषध नाही. ते चाक बदलावेच लागते. या इंजिनाची चाके धड होती. नंतर भाच्याने पार पडलेल्या विक्रींची यादी काढून दाखविली. असली इंजिने चाळीस ते सत्तर पौंडांस गेलेली होती.

आम्हांस राग आला तो विकणाऱ्याचा. त्यास कडक पत्र लिहावे म्हणून आम्ही रात्री बसलो आणि दोन ओळींवर थांबलो. १९८९ साली मडगावच्या एका व्यापाऱ्यास आम्ही तूर पाठविली होती. नमुना नव्या पिकाचा दाखविला. गाडीत खालच्या थरांत जुनी तूर भरली. मंदी होती, कर्ज होते, ही कारणे त्या वेळी पुरेशी वाटली. त्या गृहस्थाने वांधा काढला नाही, कडता मागितला नाही. एक पोस्टकार्ड पाठविले: माल पोचला, नमुना आपणापाशीच राहिलेला दिसतो. त्यानंतर त्याने आमच्याशी कधी सौदा केला नाही. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणून जो सांगितला आहे तो हाच. आम्ही तो लहानपणापासून दर पर्युषणात ऐकत आलो होतो. परदेशी विक्रेत्यास लिहिलेले पत्र आम्ही फाडले.

दुसऱ्या दिवशी बंधूंस विचारले की हे इंजिन टाकून दुसरे चांगले पाहू काय? ते म्हणाले, “नको अण्णा, हे राहू दे. आणि ती पेटी भंगारात गेली त्याबद्दल तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला तेव्हाच कळलं होतं, वजनावर गेली म्हणून. भंगारवाल्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. तोवर त्याने पत्रा दाबून टाकला होता.” आम्ही काही बोललो नाही. बोलण्याजोगे काही नव्हते.

जुन्या हॉर्नबी इंजिनांसाठी नव्या स्प्रिंगा करून विकणारे कारागीर इंग्लंडात आहेत. भाच्याने एक पाठविली. बंधूंनी दोन रविवार खपून ती बसविली. ब्रशाचा रंग मात्र त्यांनी तसाच ठेवला. खरवडला तर खालचाही जाईल, म्हणाले. चैत्रात एका संध्याकाळी वखारीत पोत्यांच्या थप्पीपुढे फरशीवर रूळ मांडले, आणि इंजिन तीन फेऱ्या करून थांबले. हमालांनी टाळ्या वाजविल्या. आमच्या नातवाने चौथी फेरी मागितली.

ते इंजिन आता बंधूंच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. त्याखाली त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरांत एक चिठ्ठी लावली आहे: ‘हॉर्नबी, क्रमांक १०१. महायुद्धानंतरचे. एका बाजूस रंग मागाहून दिलेला. स्प्रिंग नवी. खोका नकली. तीन फेऱ्या चालते. विकावयाचे नाही.’