पायवाटेने येणारे गिऱ्हाईक

मोटारीतून येणारे गिऱ्हाईक आणि पायी येणारे गिऱ्हाईक यांत व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. मोटारवाला हमरस्त्यावर एकदा थांबतो, चहा पितो आणि निघून जातो. पायी चालणारा वारंवार थांबतो. त्याला पाणी लागते, सावली लागते, भूक लागते. त्याच्या बुटाचा तळ निघतो, पाठीवरच्या पिशवीचा बंद तुटतो. हौसेने पायी हिंडणाऱ्यांची संख्या शहरांतून वाढत आहे, पण नांदेड-लातूरकडील आपल्या दुकानदारांच्या वहीत हे खाते अजून उघडलेले दिसत नाही. म्हणून हा विषय व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत.

जर्मनीत आर नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या खोऱ्यात डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यांतून सुमारे 35 किलोमीटरची पायवाट आखलेली आहे. वाट कुठल्या एका मोठ्या हॉटेलाकडे जात नाही, गावागावांवरून जाते. त्यामुळे पैसाही गावागावांत थोडा थोडा उतरतो. याच खोऱ्यात जुलै 2021 मध्ये महापूर येऊन 130 हून अधिक माणसे दगावली, हेही ध्यानात असावे. नदीकाठी दुकान थाटणाऱ्याने पावसाळ्याचा विचार आधी करायचा असतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नांदेडच्या सखल वस्त्यांत काय होते, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे असे खोरे म्हणजे गोदावरीचे. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या आसपास द्राक्षबागा आहेत, खाली निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे. थंडीत तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. 2020 साली या पाणथळ जागेला रामसर यादीत स्थान मिळाले, महाराष्ट्रात ते पहिलेच. गावातली पोरे दुर्बीण घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवतात आणि मजुरी कमावतात. नाशिकच्या द्राक्ष पर्यटनाचा बराच भाग वाइनच्या कारखान्यांभोवती फिरतो. तो धंदा आपला नव्हे, त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातली बहुतांश द्राक्षे खाण्याची आणि बेदाण्याची आहेत, आणि त्या व्यापारात आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

द्राक्ष आणि मराठवाडा यांचे नाते फार जुने आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहून ठेवले. पुढे हैदराबादेत अब्दुल बाकर खान यांनी मध्यपूर्वेतून ‘अनाब-ए-शाही’ हे वाण आणले आणि ते दक्षिणेत पसरले. आज बाजारात थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका यांची चलती आहे. पहिले सोडले तर बाकीची दोन आपल्याच शेतकऱ्यांनी निवडून काढलेली, एक सांगलीकडचे, दुसरे सोलापूरकडचे.

आता बागवान बंधूंचा प्रश्न. बाग उक्ती घ्यायची, बयाणा द्यायचा, आणि काढणीपर्यंत आभाळाकडे पाहत बसायचे. फेब्रुवारीत एक गारपीट झाली की मणी तडकतात. मग शेतकरी रडतो, व्यापारी बुडतो, आणि दोघांत पैशावरून कडवटपणा येतो. काही ठिकाणी बाहेरून आलेले व्यापारी माल उचलून पसार झाले, त्याचा डाग प्रामाणिक माणसालाही लागला. आमचे मत असे की, बागेतच थोडा माल रोखीने किरकोळ विकला गेला, तर या व्यवहारातली धास्ती काहीशी कमी होईल. बागेला भेट देणारा माणूस भाव करतो, पण उधारी मागत नाही.

मात्र बागाईतदाराची अडचण समजून घेतली पाहिजे. भुरी आणि केवडा या रोगांसाठी बागेत सतत फवारणी चालते. फवारल्यानंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस सोडावे लागतात, आणि निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडला तर सगळी खेप परत येते. अशा बागेत पन्नास माणसे घड चाचपत फिरलेली कुणाला चालतील? वाट मांडवाखालून नको. ती बांधावरून, शेततळ्याच्या कडेने जावी, आणि चाखण्यासाठी काढणीला आलेल्या दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. लातूर जिल्ह्यात औशाकडे बागा आहेत, पण पाण्याची शाश्वती नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, द्राक्षाच्याच मुलखातून. तेव्हा नव्या बागा लावण्याचा उपदेश आम्ही करणार नाही. आहेत त्यांचेच मोल वाढवता आले तर पाहावे.

नांदेड जिल्ह्यात द्राक्षापेक्षा तळी आणि जंगल जास्त. कंधार घ्या. मन्याड नदीच्या खोऱ्यातला हा भुईकोट, राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा, भोवती पाण्याचा खंदक. डोंगर चढायचा नाही, म्हणून म्हातारी माणसे आणि मुलेही हिंडू शकतात. जवळच जगत्तुंग समुद्र हा प्राचीन तलाव आहे. गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. उरुसाला गर्दी लोटते, मग वर्षभर दुकाने ओस पडतात. किल्ला, खंदक, तलाव, दर्गा अशी एका सकाळची पायी फेरी कुणी आखली, तर बाराही महिने नाही तरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी धंदा होईल. मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात माणसाला चालवणे हा गुन्हाच. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी देशभरातून यात्रेकरू येतात. त्यांतला थोडा भाग जरी एक दिवस जास्त राहिला, तरी लोहा-कंधार रस्त्यावरच्या जीपवाल्यांना काम मिळेल.

जंगल हवे त्याने किनवट-माहूरकडे जावे. सागाची राने, इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, माहूरकडे शेख फरीद यांच्या दर्ग्याजवळचा धबधबा. तेथे मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. तीच गोष्ट किल्ल्याची. तो संरक्षित वास्तू आहे, आत टपरी टाकता येणार नाही. उगाच अतिक्रमण करून पुढे रडायचे, त्यापेक्षा गावातल्या स्वतःच्या ओट्यावर दुकान बरे.

कारागिरांना यात काय? ताडपत्री शिवणारे आपले बंधू आहेत, त्यांची जाड सुईची मशीन पाठपिशवी शिवायला आणि दुरुस्त करायला तयारच आहे. बेदाण्याच्या शेडला शेडनेट व ताडपत्री लागते, तेही काम त्यांचेच. द्राक्षाच्या मांडवाला अँगल व तार लागते, तिथे वेल्डर आला. बेकरीवाल्यांची खारी आणि नानखटाई पायी चालणाऱ्याच्या पिशवीत दोन दिवस टिकते. लोणावळ्याजवळ राजमाचीच्या गावकऱ्यांनी पिठलं-भाकरी आणि अंथरूण एवढ्या भांडवलावर धंदा उभा केला. बिदरला बिदरी काम करणारे कारागीर गिऱ्हाइकासमोर चांदीची तार ठोकून दाखवतात, म्हणून माल विकला जातो. आपल्याकडचा कारागीर मात्र पडद्यामागे काम करतो आणि पुढे फक्त भाव सांगतो. गिऱ्हाइकाला भाव महाग वाटतो, कारण मेहनत त्याने पाहिलेलीच नसते.

आणि बेदाणा. चालणारा माणूस द्राक्षाची पेटी उचलून नेणार नाही, बेदाण्याची पुडी नेईल. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. जाळीवर सावलीत सुकवायला दोन आठवडे पुरतात, आणि आपल्याकडची कोरडी हवा त्याला मानवते. पुडीवर वजन, तारीख आणि अन्न नोंदणीचा क्रमांक असला की दुकानदार निर्धास्त. शिरखुर्म्यासाठी आपण दरवर्षी बाहेरचा बेदाणा घेतो.

शेवटी एक हिशेब बागवान बंधूंनी लगेच करावा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2025 साली तो मार्चच्या सुरुवातीला आला, 2027 साली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, 2028 साली जानेवारीच्या अखेरीस येईल. चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे. म्हणजे अजून काही वर्षे इफ्तारचे दस्तरखान आणि द्राक्षाची काढणी जवळजवळ एकत्र येणार आहेत. ऑक्टोबर छाटणीपासून माल हाती यायला साधारण चार महिने लागतात. छाटणी आठ-पंधरा दिवस आधी घेतली तर माल वेळेवर मिळेल, पण लवकर छाटलेल्या बागेला परतीच्या पावसाचा धोका अधिक. तो धोका कुणी किती सोसायचा, याची बोलणी शेतकऱ्याशी सप्टेंबर लागण्यापूर्वीच करावी लागतील, आणि ती कागदावर.