मालकी कुणाची, वहिवाट कुणाची? व्हर्च्युअल मशीन आणि नेटवर्क स्टोरेज

आजचा विषय यंत्राचा आहे, पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मालकी कुणाची आणि वहिवाट कुणाची?

समजा, आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आपण स्कॅन केली. सुमारे ४० फूट लांब कापड, म्हणजे शेकडो जड फायली. त्या नेटवर्क स्टोरेजवर ठेवल्या. त्या दाखवणारी वेबसाइट चालते व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटातल्या दुसऱ्या संगणकावर. खरा तो होस्ट, पोटातला तो गेस्ट. आता गेस्टला स्टोरेज जोडायचं कसं? वाटा तीन आहेत.

पहिली वाट: होस्टनं स्टोरेज जोडून घ्यायचं आणि त्यावर आभासी डिस्क करून गेस्टला द्यायची. गेस्टला ती घरचीच डिस्क वाटते. होस्टवरून घेतलेल्या बॅकअपमध्ये ती सहसा सोबत येते. पण बाहेरून ती एकच मोठी फाइल. आतलं दुसऱ्या मशीनला दिसत नाही.

दुसरी वाट: एनएफएस किंवा एसएमबी. एनएफएस सन कंपनीनं १९८४ साली आणलं. इथे फायलींची व्यवस्था स्टोरेजच बघतं. सामाईक विहिरीसारखं बघा ना, पाळी लावणारा एक आणि पाणी घेणारे अनेक.

तिसरी वाट: आय-स्कझी, २००४ चं मानक. इथे स्टोरेज नुसती कोरी जमीन देतं, मशागत गेस्टची. धोका इथेच आहे. तीच जमीन दोन गेस्टना दिली तर? साधी फाइल सिस्टिम धरून चालते की मालक मी एकटाच. दोघं एकाच वेळी लिहू लागले की नोंदी एकमेकांवर चढतात आणि फायली जातात. एका जमिनीचे दोन सातबारे म्हणा!

मग निवड कशी करायची? अनेकांनी वापरायच्या फायली, जशी ही पासोडीची छायाचित्रं, एनएफएसवर ठेवा. एकाच मशीनचा डेटाबेस आभासी डिस्कवर बरा. आय-स्कझी तेव्हाच, जेव्हा गेस्टला स्वतंत्र डिस्क हवी आणि मालक एकच आहे.

आणखी एक. आपल्याकडे वीज जाते, येते. गेस्ट आधी उठला आणि स्टोरेज मागून, तर जोडणी होत नाही, फोल्डर रिकामा दिसतो आणि प्रोग्रॅम त्यातच लिहू लागतो. म्हणून जोडणी झाल्याशिवाय प्रोग्रॅम सुरू होऊ देऊ नका. आणि एनएफएसवरच्या फायली गेस्टच्या बॅकअपमध्ये येत नाहीत; त्यांची प्रत वेगळी काढा.

तेव्हा वेग किती, हे नंतर विचारा. आधी विचारा, लिहिणारे किती?