मनीचं पडसं

सास्तूरला सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की गावभर भुस्कट उडतं. आमचं घर १९९३च्या भूकंपानंतरचं, त्यात धान्याला वेगळी जागा नाही, म्हणून पोती पुढच्याच खोलीत लागतात. पोती आली की उंदीर येतात, उंदरांमागे मनी आलीच. ऑक्टोबरात ती खोकते. जानेवारीत तुरीच्या राशीला परत खोकते. मे महिन्यात घरात लग्न होतं, तेव्हा शिंका सुरू झाल्या, डोळ्यांना पाणी लागलं. "पडसं झालंय तिला, जाईल," शेजारच्या काकू तिन्ही वेळा म्हणाल्या. मी कॅलेंडरवर खुणा करत गेलो तेव्हा कळलं, खोकला आणि शिंका यांना आम्ही एकाच नावानं हाक मारत होतो.

शिंकांचं आधी. थंडीनं मांजराला पडसं होतं, हा समज घरोघरी आहे. पण मांजराच्या पडशामागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात, हर्पिस आणि कॅलिसी. कॅलिसीत जिभेवर फोड येतात, मांजर भाकर-दूध हुंगून मागं फिरतं. हर्पिस जास्त चिवट. एकदा शिरला की मज्जातंतूंत जन्मभर दबा धरून बसतो. घरात नवं मांजर आलं, घर बदललं, मांडव पडला, पाहुण्यांची वर्दळ झाली, की त्या ताणानं आठवडाभरात डोकं वर काढतो. म्हणजे मे महिन्यात मनीला कुणाकडून नवं काही लागलं असेलच असं नाही, जुनंच उठलं असेल. लस घेतलेल्या मांजरालाही हे होतं, पण सौम्य. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. वरून जंतूंचा संसर्ग झाला तरच त्याचा उपयोग. आणि हा हर्पिस माणसाला लागत नाही.

आता खोकला. "केस अडकलाय, तूप चाटवा." हा सल्ला मीही पाळला, दोनदा. मग एका रात्री बॅटरी धरून नीट पाहिलं. मनी जमिनीला चिकटून बसलेली, मान पुढं ताणलेली, कोपरं बाहेर, घशातून कोरडी घरघर. मिनिटभरानं उठली, ओठ चाटले, बाहेर काहीच पडलं नाही. केसांचा गोळा असता तर पोट आत-बाहेर झालं असतं आणि शेवटी काहीतरी पडलं असतं. असा कोरडा खोकला वरचेवर येत असेल तर दम्याची शंका घ्यावी. भुस्कट, चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, सगळं त्याला खतपाणी घालतं. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात मांजर हमखास गप्प बसतं.

पण दम्यासारखंच दिसणारं आणखी एक दुखणं आहे, फुफ्फुसातले जंत. त्यांच्या अळ्या गोगलगाईत वाढतात. ती खाल्लेला उंदीर किंवा पाल मांजरानं खाल्ली की त्याच्या पोटात जातात. एक्स-रेत दोन्ही सारखेच वाटू शकतात. दम्याला स्टिरॉइड, जंतांना जंतनाशक, म्हणून आधी विष्ठा तपासायची. नेहमीच्या तपासणीत या अळ्या निसटतात, त्यांची पद्धत निराळी असते. तसं सांगूनच नमुना द्यावा. आमच्याकडून अशा कामाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

एकाच नाकपुडीतून स्राव येत असेल तर गोष्टच वेगळी. गवताचं कुसळ, सुळ्याच्या मुळाशी पू, नाकामागची गाठ, काहीही निघू शकतं.

मांजर घुरघुरतं म्हणजे त्याला दमा आहे, हे मात्र निव्वळ थोतांड. ती घुरघुर स्वरयंत्राच्या स्नायूंची, बहुधा लाड चालले असताना येणारी.

एक चूक मात्र जीवावर बेतते. पडशा-खोकल्यावर माणसाची पॅरासिटामॉल देणं. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. पाचशेची एक गोळी मांजर मारू शकते. हिरड्या तपकिरी पडल्या की समजावं. खोकला असेल तर झोपलेल्या मांजराचे श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या आत हवेत. तोंड उघडून धापा टाकत असेल तर तपासणीची वाट न पाहता उचलून न्यायचं.

यंदा पोती मागच्या शेडमध्ये हलवली आहेत. मनी तिथंही जाऊन झोपते.