सव्वीस तालुके, एक साचा

नांदेडचे १६ आणि लातूरचे १०, असे हे २६ तालुके. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो. एखाद्या महसूल मंडळात तो ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरली जाते. पुढचे पंचनामे आणि मदत याच आकड्याचा आधार घेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं. अशा दिवशी तालुक्याच्या पावसाच्या अहवालातली एक चूकसुद्धा महाग पडते.

चूक होते कुठे? समजा, एका तालुक्यात पाच मंडळं आहेत. चार ठिकाणी ७२, ६८, ७० आणि ६६ मिलिमीटर पाऊस नोंदला, पाचव्या ठिकाणचं यंत्र बंद पडलं. रकाना रिकामा ठेवला तर सरासरी येते ६९. घाईत कुणी तिथे शून्य भरलं की ती ५५.२ वर घसरते आणि ते मंडळ कागदोपत्री कोरडं ठरतं. नावांचंही तसंच. एका फाइलीत ‘अहमदपूर’ आणि दुसरीत ‘अहमदपुर’ असेल तर संगणक लातूरचे ११ तालुके मोजतो.

कालच्या एक्सेल फाइलीवर आजची तारीख टाकून अहवाल केला, तर ही चूक शोधायची कुठे, हेच कळत नाही. म्हणून एकदा आलेल्या मूळ नोंदींना हात लावायचा नाही. रिकामा रकाना कसा धरायचा, नावं कशी जुळवायची, सरासरी कशी काढायची, हे नियम ‘आर’ किंवा ‘पायथन’ या संगणकीय भाषेत एकदाच लिहायचे. अहवालाचा साचा ‘क्वार्टो’ या अहवाल तयार करणाऱ्या साधनात करायचा. त्यात तालुक्याचं नाव तेवढं बदलतं. तक्ता, आलेख आणि मजकुरातले आकडे आपोआप भरले जातात. एका आज्ञेत २६ पीडीएफ तयार. एखाद्या मंडळाची नोंद उशिरा आली तर ती मूळ फाइलीत भरून पुन्हा तीच आज्ञा द्यायची. तयार अहवालात हाताने खाडाखोड करायची नाही, ही शिस्त मला सगळ्यात मोलाची वाटते. मागच्या वर्षीचा आकडा कसा आला, असं एखाद्या शेतकऱ्याने विचारलं तर तो मूळ नोंदीपासून त्याच्यासमोर पुन्हा काढून दाखवता येतो.

अर्थात नियमच चुकला तर २६ अहवाल एकदम चुकतील. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये एक्सेलच्या जुन्या फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नव्हती, म्हणून कोरोनाचे सुमारे १६ हजार रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत. आलेल्या नोंदी आणि अहवालातल्या नोंदी जुळत नसतील तर काम तिथेच थांबेल, अशी तपासणी साच्यातच हवी.

कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस कुणालाही पाहता येतो. ‘आर’ आणि ‘क्वार्टो’ मोफत आहेत. नांदेड-लातूरच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येत्या खरिपात निदान आपल्या तालुक्यापासून सुरुवात करावी.